ईनबाईंची भिंत

इरिना घरात शिरली ती पायातल्या चपलांसकट. लग्न होऊन या घरात आल्यापासून असं तिनं कधी केलं नव्हतं. चपला दाराबाहेर, हा नियम ती घरातल्या माणसांपेक्षा कडक पाळायची. आज मात्र तरातरा चालत ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि कुसुमबाईंचे कणीक तिंबणारे हात परातीतच थांबले.

"आई, कोणी केलं ते?"

"काय केलं बाप्पा?"

"भिंत. ममाची भिंत." इरिना मराठी सावकाश बोलायची, पण नीट बोलायची. आज शब्द तुटत होते. "सगळी निळी. ऑइल पेंट. वर सिल्व्हर चक्र. मी आत्ता हॉलवर गेले होते, त्या बर्लिनच्या बाईला घेऊन. लाइट बघायला. कोणी केलं?"

कोणी केलं ते कुसुमबाईंना ठाऊक होतं, आणि त्यात वाईट काही झालंय हे या घडीपर्यंत त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. उलट सकाळपासून त्या मनातल्या मनात खूश होत्या. संध्याकाळी भीमजयंतीला ईनबाई हॉलमध्ये पाऊल टाकतील, पुरं झालेलं काम बघतील आणि म्हणतील, "कुसुम, दोब्रे." ईनबाईंना एखादी गोष्ट आवडली की त्या एवढंच म्हणायच्या.

आता ही भिंत म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर हा आकांत कुणाला कळायचा नाही. ईनबाई म्हणजे हलिना, इरिनाची आई. वऱ्हाडात विहिणीला ईनबाई म्हणतात, आणि कुसुमबाई बहरीनमध्ये म्हाताऱ्या झाल्या तरी बोलणं वाशीमचंच राहिलं. थोरला लेक विश्वजीत विमानांचं शिक्षण घ्यायला खारकीवला गेला आणि डिग्रीसोबत इरिनाला घेऊन आला, तेव्हा घरात चांगलाच गदारोळ झाला. तिकडं लढाई पेटली तेव्हा इरिनानं आईला इकडं आणलं. कुसुमबाईंचे यजमान यादवराव यांनी एका शब्दानं न बोलता आपली गादी बाहेरच्या खोलीत हलवली, आणि माहूज भागातल्या त्या फ्लॅटमध्ये दोन विहिणी एका खोलीत झोपू लागल्या.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण लसूण सोलायला भाषा लागत नाही. दोघींची नात श्रावस्ती मोबाइल बाजूला ठेवून मध्ये बसली की दुभाष्याचं काम करायची, आणि असं लसूण सोलता सोलता कुसुमबाईंनी ईनबाईंचा सगळा जन्म ऐकला होता.

ईनबाई पोरवयातच थिएटरच्या रंगशाळेत लागल्या, पडद्यांवर झाडं आणि राजवाडे काढायला. पुढं स्वतःचं पहिलं नेपथ्य मिळालं, तर या बाईनं झाडं, राजवाडे सगळं स्टेजवरून हाकलून दिलं. तिरक्या फळ्या, दोर आणि एक भलंमोठं तांबडं चाक. नट घसरून पडायचे, उठायचे, बोलत राहायचे. चित्रंही तसलीच. माणसाच्या जागी त्रिकोण, घराच्या जागी दोन काळ्या पट्ट्या. जाणकार म्हणाले, अशी बाई आपल्यात झाली नाही. वरचे साहेब म्हणाले, हे लोकांना कळत नाही. त्यांनी खेळाच्या आदल्या दिवशी माणसं पाठवली आणि सगळं नेपथ्य पांढऱ्या रंगानं पोतून टाकलं. ईनबाईंची रवानगी झाली चॉकलेटच्या कारखान्यात, डब्यांवर खारूताईंची चित्रं काढायला. वर्षानुवर्षं त्या खारी काढत बसल्या. मग देश फुटला, त्यांचा देश वेगळा झाला, आणि त्यांना मानानं परत बोलावलं. नुसत्या दारांचं एक नेपथ्य त्यांनी केलं, जिकडंतिकडं दारं आणि भिंत म्हणून कुठं नाही. ते बघायला परदेशातून माणसं आली. शिष्य झाले, नाव झालं. आणि म्हातारपणी थिएटरच्या गोदामावर बॉम्ब पडला. मॉडेलं, पडदे, चित्रं, आयुष्यभर केलं ते सगळं जळून गेलं.

"म्हणजे बाईचं या जगात काईच उरलं नाही म्हणा की," कुसुमबाई तेव्हा बोलून गेल्या होत्या. श्रावस्तीनं ते तसंच्या तसं सांगितलं आणि ईनबाईंनी मान हलवली होती, हो म्हणून.

इथं आल्यावर ईनबाईंनी पेन्सिलसुद्धा हातात धरली नाही. हात थरथरायचे ते वेगळंच. पण यंदा इथल्या मराठी लोकांच्या मंडळानं जयंतीला चवदार तळ्यावर नाटक बसवायचं ठरवलं, आणि श्रावस्तीनं त्यांना महाडची गोष्ट सांगितली. जनावरांनी पाणी प्यायलं तर चालायचं आणि माणसानं ओंजळ घातली तर तळं बाटायचं, हे ईनबाईंनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी कागद मागितला.

मग त्यांनी भिंत केली. मुहर्रकच्या गोदामांतून विश्वजीतनं सामानाच्या लाकडी पेट्यांच्या फळ्या आणून दिल्या. ईनबाईंनी त्या घासल्या, त्यांना राख चोळली, चहाचं पाणी पाजलं, गंजाचं पाणी पाजलं. स्टेजभर पसरलेली, एका बाजूला कललेली ती भिंत करडी, रापलेली, आजारी माणसाच्या कातडीसारखी दिसायची. पुढं एक लांबलचक लाकडी पन्हाळ. आणि मागं, झाकून ठेवलेल्या, निळ्या रंगानं भरलेल्या बादल्या. हरवलेल्या नेपथ्यकारांवर पुस्तक करणारी एक बाई त्या भिंतीचे फोटो काढायला बर्लिनहून आली होती. ईनबाईंच्या हातचं जगात उभं असलेलं तेवढं एकच काम होतं.

"थांब, उज्ज्वलले येऊ दे," कुसुमबाई म्हणाल्या. आतल्या खोलीत ईनबाई दुपारच्या झोपेत होत्या. दार त्यांनी हळूच ओढून घेतलं.

उज्ज्वल, धाकटा लेक, मंडळाचा सेक्रेटरी, रिफाहून गाडीत सतरंज्या भरून आला तो हसतच. "बघितली का वहिनी भिंत? पोरांनी ड्यूटी करून आल्यावर सगळं पुरं केलं. बादल्यांमधला रंग लय पातळ होता, लागतच नव्हता. मग मी तोच शेड बघून ऑइल पेंट आणला. चक्र बाबांनी सुचवलं."

"तुला विचारलं कोणी?" हे विश्वजीत बोलला. सकाळची शिफ्ट करून तो नुकताच आला होता, एअरपोर्टचा युनिफॉर्म अजून अंगावरच होता. "कोणाला विचारून हात लावला तू?"

"आवाज कमी कर दादा. विचारून केलंय."

"कोणाला?"

उज्ज्वलनं आईकडं बघितलं. बघायचं नव्हतं त्याला, पण बघितलं गेलं. "आईनंच सांगितलं होतं. डबा घेऊन आली होती हॉलवर तेव्हा. म्हणाली, म्हातारीचे हात चालत नाहीत, रंग कालवून ठेवलाय, लावून टाका पोरांनो. सांगू नका, खुशी होईल तिला."

सगळे कुसुमबाईंकडं वळले. विश्वजीत, इरिना, सोफ्यात पाय दुमडून बसलेली श्रावस्ती. पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत असलेले यादवरावसुद्धा.

"मले वाटलं," कुसुमबाई म्हणाल्या, "अर्धवट राह्यलं हाय. त्या दिवशी च्या देल्ला तर अर्धा कप तिच्या मांडीवर सांडला. रंग तिनंच कालवला व्हता, मंग भिंतीलेच लावाचा असंन ना? माणूस रंग कायले कालवते?"

मग श्रावस्ती बोलली. या पोरीला मराठीत काही विचारलं तर ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि त्यावरून आजी तिला रोज टोमणे मारायची. आज ती मराठीत बोलली, एकेक शब्द शोधून.

"आजी, ते शेवटी होतं. तळ्याच्या सीनला. सगळे लोक पन्हाळीत हात घालणार, पाण्यात. ते पाणी म्हणजे तो ब्लू. मग हात निळे. मग ते हात भिंतीवर. आधी ॲक्टर्स, मग ऑडियन्स. सगळे. तू पण. म्हणून भिंत तशी ठेवली होती."

"मंग सांगाचं नाही का मानसानं!"

"ती कधीच आधी सांगत नाही. शेवटचा सीन ती खेळाच्या दिवशीच सांगते. आधी सांगितलं की ॲक्टर्स खोटं करतात, म्हणते. फक्त मला माहीत होतं. आय प्रॉमिस्ड हर." आणि पोरगी रडायलाच लागली.

कुसुमबाई खुर्चीत बसल्या. हाताला कणीक तशीच होती. हॉलभरची माणसं एकामागून एक भिंतीशी जाताहेत, आपापला निळा तळवा तिच्यावर उमटवताहेत, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांच्या सासूला गावच्या विहिरीवर लांब उभं राहून पाण्यासाठी आर्जवं करावी लागायची. तिच्या नावानंही एक हात उमटवता आला असता. हे या परक्या देशातल्या बाईला सुचलं, आणि आपण त्याचं मातेरं केलं!

"आता निळ्या भिंतीवर निळा हात," इरिना म्हणाली, "दिसणार नाही. काही दिसणार नाही. रुईन्ड. सगळं खलास. पहिले त्यांनी पांढरा लावला, मग बॉम्ब, मग तुम्ही."

यादवरावांनी इस्त्री उभी केली. माणूस मितभाषी. कारखान्यात इलेक्ट्रिकलला होते तेव्हा फोरमनसमोरही त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता.

"सूनबाई, तुह्या आईचं नुकसान झालं, ते मले समजते. पण त्या लोकाईच्या रांगंत आमाले बसवू नको. अन् निळ्यानं वाटोळं झालं असं माह्या घरात कोणी बोलाचं नाही. त्या रंगासाठी माणसं मेली हायेत."

"बाबा, ती तसं म्हणत नाहीये," विश्वजीत म्हणाला.

"मंग कसं म्हणते?"

"बाबा, तुम्ही मंडळाचे अध्यक्ष. स्टेज उघडं दिसतंय, लोक नावं ठेवतील, हे तुमच्याच मनात होतं. महिनाभर तुम्ही त्या भिंतीकडं बघून नाक मुरडत होतात. आईनं नुसतं निमित्त दिलं."

"दादा, बाबांना कशाला मध्ये घेतोस?" उज्ज्वल उसळला. "तुझ्या सासूची भिंत, तू तरी एकदा येऊन आम्हाला समजावलं का? पोरं बिचारी झोप मोडून राबली."

दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर आले तसे कुसुमबाई दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. आश्चर्य म्हणजे इरिनानंही विश्वजीतचा दंड धरून त्याला मागं ओढलं. "यल्ला, बस करा. ममा उठेल. तिला काय सांगायचं ते आधी ठरवा."

त्यावर मात्र सगळ्यांचं लगेच एकमत झालं. एरवी या घरात भाजी कोणती करायची यावर एकमत होत नाही. सांगायचं असं, की हॉलवाल्यांचा नियम आहे, लाकडाला आग लागू नये म्हणून विशिष्ट रंग लावावा लागतो, त्यांनी परस्पर लावला. ईनबाईंना सरकारी नियम नवे नाहीत. त्यांना वाईट वाटेल, पण घरात विष कालवलं जाणार नाही. यादवराव फक्त म्हणाले, "खोटं हाय ते." पण थांबवलं नाही त्यांनी.

कुसुमबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांना एकच भीती पोखरत होती. वाशीमच्या बहिणी एकेक करून गेल्या होत्या, सून कामावर जायची, नवरा मंडळात. दिवसभर घरात बोलायला होती ती ही एक बाई, जिला आपलं बोलणं समजत नव्हतं. हिला कळलं आणि हिनं तोंड फिरवलं तर?

सगळे हॉलवर पोचले तेव्हा खुर्च्या अजून रिकाम्या होत्या. ईनबाईंनी आज राखाडी झगा घातला होता आणि गळ्यात कुसुमबाईंनी दिलेली निळी ओढणी. श्रावस्तीच्या हाताला धरून त्या मधल्या वाटेनं चालत गेल्या, आणि स्टेजपाशी थांबल्या.

भिंत चकचकत होती. पोरांनी जीव ओतून रंगवली होती, कुठं ओघळ नाही, कुठं डाग नाही. मध्ये चांदीचं चक्र. बर्लिनची बाई कॅमेरा मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली आणि परत बसली.

ईनबाई पायऱ्या चढून वर गेल्या. भिंतीला नाक लावून वास घेतला. नखानं कोपऱ्यात खरवडून बघितलं. रंग सुकला होता, निघाला नाही. मग त्या वळल्या आणि एकच शब्द बोलल्या. तो समजायला दुभाषा नको होता. कोण, असं विचारत होत्या.

विश्वजीत पुढं झाला. तो शिकला होता रशियन. लढाईपासून ईनबाई रशियनला उत्तर देत नसत, म्हणून तो अडखळत त्यांच्या युक्रेनी भाषेत बोलू लागला. हॉल, आग, नियम. ईनबाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल अशी कुसुमबाई वाट बघत होत्या, पण तिथं नुसता थकवा आला. असेच नियम सांगणारी माणसं त्यांनी जन्मभर बघितली होती. त्या मान हलवत होत्या, हो हो, नियम. आपला जावईही आता तेच सांगतोय.

ते मात्र कुसुमबाईंना बघवलं नाही.

"खोटं बोलून राह्यला तो!" त्या खालूनच ओरडल्या. "श्रावस्ती, सांग तिले. खोटं हाय सगळं."

"आई, गप्प राहा," विश्वजीत म्हणाला.

"नाई राहत." गुडघ्यांवर हात टेकत त्या पायऱ्या चढल्या आणि विहिणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. छातीवर हात ठेवला. "म्या. कुसुमनं. म्याच सांगतलं त्याईले." हवेत ब्रश फिरवून दाखवला. मग ईनबाईंचा थरथरता हात धरून वर केला. "हे पाहून सांगतलं. मले वाटलं तुह्याच्यानं होत नाही आता. मले माफ कर व बाई."

श्रावस्तीनं भाषांतर केलं की नाही कोण जाणे. ईनबाईंना सगळं समजलं होतं. त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं, कुसुमबाईंकडं बघितलं. खरं सांगायचं तर तुझ्याच्यानं होत नाही हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं असावं. त्यांनी हात सोडवून घेतला. झटकला नाही, पण घेतला.

"दोब्रे," त्या म्हणाल्या, आणि खाली जाऊन पहिल्या रांगेत बसल्या.

मग माणसं येऊ लागली. वंदना झाली, यादवरावांचं भाषण झालं. पडदा उघडला आणि निळी भिंत दिसताच टाळ्यांनी हॉल दणाणला. पाठीमागून कुणी "जय भीम" म्हणून गर्जलं, सगळ्या हॉलनं साथ दिली. नाटक सुरू झालं, रंगलं, बायकांनी डोळे पुसले. तळ्याच्या प्रसंगाला नटांनी कोरड्याच पन्हाळीत ओंजळ बुडवल्यासारखं केलं. तेही लोकांना आवडलं. कुसुमबाई विहिणीशेजारी अंग चोरून बसल्या होत्या. एकदाही त्यांच्याकडं बघण्याचं धाडस त्यांना झालं नाही.

शेवटी यादवराव माईकवर आले. त्यांना ठरल्याप्रमाणे करणं भाग होतं. कार्यक्रम छापून वाटलेला होता. "ही अप्रतिम भिंत ज्यांनी उभारली," ते वाचू लागले आणि क्षणभर अडखळले, "त्या आमच्या विहीणबाई, युक्रेनच्या ज्येष्ठ चित्रकार आणि नेपथ्यकार, हलिनाताई यांनी मंचावर यावं."

ईनबाई जागच्या हलल्या नाहीत. टाळ्या वाढल्या. इरिना काहीतरी कुजबुजली, बहुधा, नको जाऊस. मग ईनबाई श्रावस्तीच्या कानाशी वाकल्या, तिला काही विचारलं. श्रावस्तीनं चमकून कुसुमबाईंकडं बघितलं आणि हळू आवाजात दोन-तीन शब्द सांगितले. ईनबाईंनी ते ओठांत घोळवले आणि उठल्या.

माईक त्यांच्या उंचीला येईना, उज्ज्वलनं धावत जाऊन खाली केला. बर्लिनची बाई कॅमेरा घेऊन पुढं सरकली.

"जय भीम," ईनबाई म्हणाल्या. हॉल खूश. मग त्यांनी मागच्या भिंतीकडं हात केला आणि मराठीत म्हणाल्या, "हे माझं नाही. हे कुसुमचं."

सगळ्यांना वाटलं, अहाहा, काय मोठेपणा! एवढी मोठी कलाकार, आणि मान देते विहिणीला! अख्खा हॉल उठून उभा राहिला. "कुसुमताई, उठा! उठा ना काकू!" मागच्या बायकांनी त्यांना अक्षरशः हाताला धरून उभं केलं, लोकांकडं वळवलं. कॅमेरा त्यांच्यावर आला. यादवराव माईकपाशी मान खाली घालून उभे होते. कुसुमबाईंनी हात जोडले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. हे माझं नाही, असं त्यांनाही म्हणायचं होतं, पण ते म्हणायचा अधिकार आता त्यांच्याकडं उरला नव्हता.

त्यांनी मान वळवून स्टेजकडं बघितलं. ईनबाई तिथं टाळ्या वाजवत होत्या. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. त्या थांबल्या तर आपल्याला खाली बसता येईल म्हणून कुसुमबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. हॉलमधल्या टाळ्या हळूहळू विरल्या, माणसं बसली, खुर्च्या सरकल्या. ईनबाई एकट्या टाळ्या वाजवतच राहिल्या.